गुडघ्याच्या नावावर खपवलेली चक्कर



या व्याख्यानासाठी संयोजकांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा बहिरेपणाची किंवा मिरवणुकीतल्या डीजेची असावी. कानाच्या डॉक्टरकडून लोक तेच ऐकायला येतात. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि कानातला तोल' असं मी कळवलं, तेव्हा फोनवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग विचारणा झाली, "मॅडम, हे दोन वेगळे विषय आहेत ना?" गंमत अशी की दवाखान्यातही ते दोन वेगळेच विषय आहेत. सांध्यांचे डॉक्टर एका मजल्यावर, कानाचे दुसऱ्या मजल्यावर, आणि मधला जिना पेशंटने चढायचा, तोही दुखऱ्या गुडघ्यांनी.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या आजारातला माणूस झोकांडी खाऊ लागला की सगळा दोष गुडघ्याच्या आणि पावलाच्या नावावर टाकला जातो, कानाची चौकशीच होत नाही. आणि जिथे ती होते तिथेही नीट विचार न करता केली, तर ती मानेच्या जिवावर बेतू शकते. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घेणार आहे.

आधी आजाराची ओळख करून घेऊ, कारण 'वात' म्हणून आपण बरंच काही एका पोत्यात भरतो. साठीनंतर गुडघ्याची गादी झिजते, ते दुखणं निराळं. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांची मुळं, मनगटं, पावलांचे पुढचे सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. सकाळी तासतासभर मूठ वळत नाही, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायचा तर कात्री धरवत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन ते तीन पट आढळतो. भिगवण म्हटलं की तुम्हाला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आठवतील. वातरोगतज्ज्ञांच्या जगात मात्र भिगवण ओळखलं जातं ते पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली तिथे सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीमुळे. 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातली ती पाहणी. तीत हा आजार साधारण दर हजारी पाच जणांत आढळला. आकडा लहान वाटेल, पण आपल्या राज्याच्या लोकसंख्येला लावून पाहा.

हा आजार नुसत्या सांध्यांचा नाही. डोळे कोरडे पडतात, फुप्फुसं जाड होतात, बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. मग कान?

इथे एक सोपं उत्तर हाताशी असतं आणि ते बरोबर नाही. आपल्या मधल्या कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं आहेत. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. या तिघांमध्ये दोन सांधे आहेत आणि ते खरेखुरे सांधे आहेत, अस्तर, वंगण, सगळं असलेले. म्हणजे ऱ्हुमॅटॉइड बोटांत शिरतो तसा इथेही शिरेल, हाडं आखडतील आणि ऐकू येईनासं होईल, असा तर्क कुणीही करेल. संशोधकांनीही केला. तपासण्यांत या साखळीच्या ताठरपणात थोडेफार फरक दिसलेही. पण या रुग्णांत बहिरेपण जेव्हा आढळतं तेव्हा ते बहुतेक करून या हाडांचं नसतं, त्यांच्या पलीकडचं, आतल्या कानाचं असतं. आणि तोलाचं इंद्रिय तिथेच आहे, जिथे एकही सांधा नाही.

त्या इंद्रियाची रचना पाहा. कवटीच्या सर्वांत कठीण हाडात कोरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी काटकोनात. आत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, त्याने एक पडदा वाकतो आणि त्यात रोवलेल्या केसपेशी मेंदूला कळवतात की डोकं कुठल्या दिशेला, किती वेगाने वळतंय. शेजारी दोन पिशव्या आहेत, त्यांत चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले. गवंड्याचा ओळंबा जे करतो तेच हे खडे करतात, खाली कुठे आहे ते सांगतात. नलिकांकडून डोळ्यांपर्यंतचा निरोप सुमारे दहा मिलिसेकंदांत पोचतो. म्हणून बसमध्ये धक्के खात असतानाही तुम्हाला समोरची पाटी वाचता येते.

हे सगळं कळायला माणसाला फार उशीर झाला. पॅरिसमध्ये फ्लूरांस या शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या या नलिका एकेक करून कापल्या. पक्ष्यांना ऐकू येत राहिलं, पण जी नलिका कापली तिच्याच प्रतलात त्यांचं डोकं डोलू लागलं. तरीही पुढची कित्येक वर्षं गरगरणं हा मेंदूत रक्त साचल्याचा विकार मानला जाई आणि त्यावर उपाय म्हणून रक्त काढलं जाई. १८६१ साली मेन्येर या डॉक्टरांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे सांगितलं की घेरी कानातूनही येते.

आणि मग रॉबर्ट बारानी. या माणसाबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या विषयाची दोन्ही टोकं त्याच्या एका देहात होती. जन्म व्हिएन्नाचा, १८७६चा. लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा ताठ राहिला. तरी टेनिस खेळत, डोंगर चढत. कानाचे डॉक्टर झाल्यावर रोज पेशंटांचे कान पाण्याने धुण्याचं काम असे. पेशंट तक्रार करत, "डॉक्टर, गरगरतंय." बारानींनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर बुबुळं एका दिशेने झटके देत होती. एका पेशंटने पाणी फार गार आहे म्हटलं, म्हणून कोमट मागवलं, ते जास्तच गरम निघालं, आणि आता बुबुळांचे झटके नेमके उलट दिशेला! पाण्याच्या तापमानाने नलिकेतला द्रव एकदा खाली बसतो, एकदा वर चढतो, हे त्यांनी ताडलं. कान जिवंत आहे की मेला, हे बाहेरून, न कापता सांगणारी पहिली भरवशाची तपासणी यातून मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धात ते रशियनांच्या हाती सापडले आणि मध्य आशियातल्या मर्वच्या छावणीत कैदी असताना त्यांना कळलं की १९१४चं नोबेल आपल्याला मिळालंय. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसमार्फत खटपट केली आणि १९१६ साली त्यांची सुटका झाली. त्यांच्या त्या गार-गरम पाण्याकडे मी परत येणार आहे, कारण ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटला तीच जुनी तपासणी उपयोगी पडते.

आता मुख्य प्रश्न. या आजारात आतल्या कानाला इजा होते ती कशी? आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकटी आहे. तिला शेजारून मदत करणारी दुसरी वाट नाही. बारीक वाहिन्यांना सूज आणणारा आजार असेल तर असा एकमार्गी अवयव आधी उपाशी राहणार, हा एक तर्क. आतल्या कानाची स्वतःची प्रतिकार यंत्रणाही आहे. ती शरीरातल्या इतर युद्धात ओढली जाते, हा दुसरा. गेल्या दोन-तीन दशकांत वेगवेगळ्या देशांत या रुग्णांच्या तोलाच्या तपासण्या झाल्या. काहींत बिघाड निरोगी माणसांपेक्षा जास्त दिसला, काहींत फारसा फरक नाही. गट लहान होते, तपासण्या निरनिराळ्या होत्या. 'ऱ्हुमॅटॉइड म्हणजे कान गेलाच' असं कुणी सांगत असेल तर ते अतिशयोक्तीचं आहे. 'कानाचा काही संबंध नाही' हेही तितकंच चुकीचं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, हिच्यामुळेच कान सुटून जातो. एका कानाला अचानक इजा झाली तर खोली गरगर फिरते, उलट्या होतात, माणूस धावत डॉक्टरकडे येतो. दोन्ही कान हळूहळू, सारखे मंदावले तर काहीच गरगरत नाही. मेंदूला डावी-उजवीतला फरकच जाणवत नाही. फक्त चाल बिघडते. १९५२ साली एका अमेरिकी डॉक्टरने स्वतःची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांतलं तोलाचं इंद्रिय गेलं होतं. अंथरुणावर पडून वाचायचं तर नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरं उडत, म्हणून पलंगाच्या गजांत डोकं अडकवून तो वाचे. चालताना समोरच्याचा चेहरा ओळखायला थांबावं लागे. अशी तक्रार घेऊन, सुजलेल्या पावलांची, पन्नाशीची बाई ओपीडीत आली तर तिला काय सांगतात? "मावशी, गुडघ्यांमुळे होतंय ते." तिलाही ते पटतं. घरी सुनेला ती तेच सांगते.

खरं तर माणूस तीन गोष्टींवर उभा असतो, डोळे, पावलं-सांध्यांतली जाण, आणि कान. एक गेलं तर बाकी दोन सांभाळून घेतात. बर्लिनच्या रोमबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात पाठीच्या कण्याच्या रोग्यांमध्ये हेच पाहिलं, पायांची जाण गेलेला माणूस डोळे मिटले की डुलतो. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर असे लोक पडायचे. ऱ्हुमॅटॉइडवाल्याची गोची अशी की त्याचे तिन्ही आधार एकदम पोखरलेले असू शकतात. घोटा आणि पाऊल चुकीचा निरोप देतात. उपचारातल्या स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर येतो, कोरड्या डोळ्यांनी धूसर दिसतं. आणि तिसरा आधार कान. रात्री दिवा न लावता मोरीकडे जाणं हे अशा माणसासाठी रोजचं साहस आहे. इंग्लंडमध्ये या आजाराच्या ५३५ प्रौढ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतले ३६ टक्के त्या वर्षात एकदा तरी पडले, आणि वयाचा त्याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. पायाचे सुजलेले सांधे, थकवा, आधी पडल्याचा इतिहास, काही औषधं, ही कारणं पुढे आली. म्हणजे 'म्हातारपण आहे, पडणारच' ही आपली घरगुती समजूत इथे लागू नाही. त्यात स्टिरॉइडने हाडं ठिसूळ झालेली. पडणं म्हणजे खुबा.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे, मानेच्या धोक्याकडे, येते. त्यासाठी आधी चक्करेचं एक कारण सांगायला हवं.

चक्करेचं सर्वांत वारंवार आढळणारं कारण म्हणजे ते चुनखडीचे खडे जागा सोडून नलिकेत शिरणं. कुशीवर वळलं, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की अर्धा मिनिट जग फिरतं. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांच्यात हे जास्त आढळतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कोरियात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णाची हाडं अनेकदा स्टिरॉइडने आधीच पोकळ झालेली असतात, तेव्हा हे खडे त्याच्याही दारात उभे आहेत असं समजावं.

निदान सोपं आहे आणि उपचार त्याहून सोपा. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली सांगितलेली तपासणी अशी: पेशंटला बसवा, मान एका बाजूला ४५ अंश वळवा, मग झटकन आडवं करून डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबकळू द्या आणि बुबुळं पाहा. पुढे एप्ली यांनी खडे मूळ जागी परतवण्याची डोकं फिरवण्याची पद्धत दिली. मिनिटांत आराम पडतो. यूट्यूबवर ती शेकडो जण शिकवतात. पाहून घरी करणारेही शेकडो.

ऱ्हुमॅटॉइडचा पेशंट असेल तर, कृपा करून, थांबा. मानेतला पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवर फिरतात ते एका खुंटीसारख्या हाडाभोवती. ती खुंटी जागेवर धरून ठेवणारा एक बंध आहे, आणि त्याच्याशी अस्तर असलेला सांधा आहे. हा आजार नेमका तोच सांधा आणि तोच बंध खातो. मग पहिला मणका पुढे सरकतो. प्रौढात ते अंतर तीन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्यापुढे गेलं की मागे मज्जारज्जू आहे. अशा मानेला झटक्याने मागे लोंबकळवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तोलासाठी आज सर्वत्र केली जाणारी, १९८८ साली हाल्माजी आणि कर्टॉइस यांनी दिलेली डोक्याला झटका देण्याची तपासणीही तशीच, मान अचानक वळवायची. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेण्याची हौस असते ना, कट्‌कट् आवाज आला की बरं वाटतं? हाडवैद्यही तेच करतात. ऱ्हुमॅटॉइड असलेल्याने ते कधीही, कुणाकडूनही करून घेऊ नये. या एका वाक्यासाठी मी आज इथे आले, असं समजा हवं तर.

औषधं लवकर आणि नेटाने सुरू होऊ लागल्यापासून मान बिघडण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा उतरलंय. पण आपल्याकडे उशिरा येणारे पेशंट अजून खूप आहेत. आठ-दहा वर्षं लेप, काढे आणि दुकानातून घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, मग आमच्याकडे. म्हणून नियम साधा ठेवावा. मान वाकवून आणि मान मागे करून, असे बाजूने घेतलेले दोन एक्स-रे आधी. ते ठीक निघाले तरच डोक्याची हालचाल. मान धोक्यात असेल तर मान-धड एकसंध ठेवून, झुकणाऱ्या टेबलावर किंवा आख्खं शरीर कुशीवर घेऊन तपासता येतं, जाणकाराच्या हातून. आणि कान किती काम करतो हे पाहायचं असेल तर बारानींचं पाणी आहेच. पेशंट उताणा, डोक्याखाली उशी देऊन तीस अंश उचललेलं, एकदा तीस अंश सेल्सियसचं पाणी, एकदा चव्वेचाळीसचं. मान जागची हलत नाही. या तपासणीला मर्यादा आहेत, ती तीनपैकी एकाच नलिकेबद्दल सांगते. ओळंब्याच्या दोन पिशव्यांपैकी एकीसाठी १९९२ पासूनची दुसरी तपासणी आहे, कानात मोठा टक्‌टक् आवाज देऊन मानेच्या स्नायूचा प्रतिसाद मोजण्याची. तिथे पेशंटला मान वळवून किंवा उचलून स्नायू ताणून धरावा लागतो, जे या लोकांना जमतंच असं नाही. प्रतिसाद मिळाला नाही तर दोष कानाचा की स्नायूचा, हा घोळ उरतो. अहवाल वाचणाऱ्याने पेशंटकडेही पाहावं.

आणि काही वेळा चक्करेचं कारण कान नसून ती सरकलेली मानच असते. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं होणं, हातापायांना मुंग्या, हातातली वस्तू वरचेवर सुटणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही चक्करेसोबत असेल तर कानाच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

औषधांबद्दल दोनच शब्द. पूर्वी या आजारावर ॲस्पिरिनचा डोस कान वाजू लागेपर्यंत वाढवत नेत, मग थोडा कमी करत. कान हा तेव्हा मोजमापाचा काटाच होता, आणि डोस उतरवला की शिट्टी थांबे. आज तो प्रकार गेला. मलेरियाची म्हणून ओळखली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन क्वचित कानाला बाधते. डोळे तपासून घ्यायची सूचना तुम्हाला मिळते, कानात गुणगुण सुरू झाली तर तीही सांगा. पण कुणी चक्कर आली म्हणून मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी परस्पर बंद करू नका. आजार मोकाट सुटला तर मानेचंच नुकसान. माझा खरा राग आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या चक्करेच्या गोळ्यांवर. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन पहिल्या दोन-चार दिवसांच्या उलट्यांसाठी ठीक. पुढे त्या मेंदूला गुंगीत ठेवतात, त्याला नवी घडी बसवू देत नाहीत, आणि उतारवयात कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात. फाइलीत जुनी चिठ्ठी असते, केमिस्ट देत राहतो, पेशंट घेत राहतो.

मेंदूला नवी घडी बसवायला लावण्याचं तंत्र जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी व्यायाम बसवले. नजर एका ठिकाणी रोखून मान हलवणं, चेंडू फेकणं-झेलणं, डोळे मिटून उठणं-बसणं. तेच व्यायाम जगभर चालतात. आपल्या पेशंटला त्यांतला चेंडू झेलणं जमत नाही, मान हलवायची तर आधी एक्स-रे. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली फिरत्या खुर्चीत बसवून मान आणि धड एकत्र वळवायचं, नजर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर. सकाळी सांधे आखडलेले असताना नको, अकरा-बाराच्या सुमारास, गोळ्यांचा असर चढल्यावर. ज्या आठवड्यात पावलं सुजलेली असतील त्या आठवड्यात उभ्याने काही करायचं नाही.

आणि घरात आधाराचा दांडा बसवून घ्या, मोरीत आणि संडासात. बाजारात मिळतो तो गुळगुळीत स्टीलचा बारीक दांडा यांच्या बोटांना धरवत नाही, ओल्या हातातून तर सटकतोच. जाड घ्या, नाहीतर त्यावर रबरी नळी चढवून घ्या. मनगटं फारच गेली असतील तर मुठीने धरायची काठी निरुपयोगी, कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवता येईल अशी कुबडी मिळते, ती मागा. दांड्याची उंची प्लंबरला ठरवू देऊ नका. ज्यांना तो वापरायचा आहे त्यांना तिथे उभं करा, कोपर किंचित वाकलेलं असताना हात आपसूक जिथे पोचतो तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि मगच भिंतीला भोक पाडायला सांगा.